पाच व्हिसा, एकच नंबर: आमचे १,९७,९०० रुपये कसे गेले

आकडा आधी सांगते, कारण नातेवाइकांनी कुजबुजून तो आता तीन लाखांवर नेऊन ठेवलाय. आमचे १,९७,९०० रुपये गेले. त्यातले ३७,००० व्हिसा एजंटने सरळ खिशात घातले, बाकीचे त्याच्यामुळे बुडाले.

मी नाशिकला एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरी करते. प्रवेशाच्या दिवसांत शेकडो गुणपत्रिका माझ्या हाताखालून जातात. आसन क्रमांक जुळतो का, नावात कुठे काना-मात्रा चुकलीय का, दोन मुलांच्या कागदांवर एकच नंबर तर नाही ना, हे बघायचाच मला पगार मिळतो. त्यामुळे हे लिहिताना मान खाली जातेय. तरी लिहितेय.

२०२४च्या दिवाळीत व्हिएतनामला जायचं ठरलं होतं. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाई ७१ वर्षांच्या, त्यांचा हा आयुष्यातला पहिला पासपोर्ट. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, पुढे ‘हा लाँग’ नावाच्या खाडीत एक रात्र बोटीवर, मग दा नांग शहर. तिकिटं जुलैतच काढली होती, माणशी २३,८०० प्रमाणे १,१९,००० रुपये. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबरला रात्री निघायचं.

व्हिएतनामला जायला आपल्याला व्हिसा लागतो आणि तो घरबसल्या ऑनलाइन मिळतो. २०२३च्या ऑगस्टपासून तर ९० दिवसांपर्यंतचा देतात. एकदाच प्रवेश असेल तर फी २५ डॉलर, अनेकदा ये-जा करायची असेल तर ५०. लागतं काय, तर पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा फोटो आणि चष्मा न लावता काढलेला चेहऱ्याचा फोटो. बस. हे सगळं मला आज तोंडपाठ आहे.

तेव्हा का नव्हतं, असं मला चार जणांनी विचारलंय. त्यांना माझं एकच सांगणं आहे, एकदा स्वतः शोधून बघा. पहिली चार-पाच संकेतस्थळं जाहिरातींची निघतात, आणि सगळ्यांवर लाल झेंडा, पिवळा तारा, नावात ‘व्हिएतनाम’ आणि ‘ई-व्हिसा’. एक ५९ डॉलर मागतंय, दुसरं ८९. खरं सरकारी कुठलं ते कळेना. कार्डाचा नंबर टाकायची भीती वाटली. त्यापेक्षा समोर बसून बोलणारा माणूस बरा, असं मला वाटलं. पाच जणांची जबाबदारी अंगावर असताना असं वाटणं हा काही गुन्हा नाही. (सरकारी पत्त्याचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट व्हीएन’ असा असतो. शेवट बघा, झेंडा नाही.)

आणि हा एजंट काही रस्त्यात भेटलेला नव्हता. आमच्या भिशीतल्या एका ताईंना त्याने दुबईचा व्हिसा व्यवस्थित काढून दिला होता. गाळा होता, काचेचं दार होतं, आत एसी होता. भिंतीवर ‘सरकारमान्य’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. कुठल्या सरकारने काय मान्य केलंय, हे मी विचारलं नाही. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते, पण फिरायला जाणाऱ्यांचे व्हिसा काढून देणारा त्या कायद्यात बसत नाही. असा बोर्ड दिसला की कागद दाखव म्हणा.

माणशी ५,९०० आणि दिवाळीची गर्दी म्हणून ‘अर्जंट’चे १,५०० वर. पाच जणांचे ३७,०००. सरकारी फी पाच जणांची १२५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेदहा हजारांच्या आसपास. २३ ऑक्टोबरला २०,००० दिले, दोन दिवसांनी १७,०००. यूपीआयने पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते एका मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचं. मी थांबले. तो म्हणाला, “भावाचं अकाउंट आहे मॅडम, आमचं मशीन सर्व्हिसला गेलंय.” मी पाठवून टाकले. पैसे घेणाऱ्याचं नाव आणि दारावरची पाटी जुळत नसेल तर तिथूनच उठा. पावती मागितली तर ‘व्हिसासोबत देतो’ म्हणाला. ती आजतागायत मिळालेली नाही.

शिवाय त्याने सगळ्यांची आधार कार्डं, पॅन आणि नवऱ्याच्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट व्हॉट्सॲपवर मागवून घेतलं. व्हिएतनामच्या ई-व्हिसाला यातलं काहीही लागत नाही! नको ते कागद मागणारा माणूस ते कशाला मागतोय, याचा विचार करून मला अजून रात्री जाग येते. आम्ही पाचही जणांच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलंय. तुम्हीही कुणाला असे कागद दिले असतील तर आजच करा.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पाच पीडीएफ आल्या. दिवे लावून झाले होते, सासूबाईंनी फोन हातात घेऊन स्वतःचं इंग्रजीतलं नाव वाचलं, दोनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढायला गेले. तिथे एक पोरगा असतो, बारावीचा असेल. त्याने पाच कागद मशीनमधून काढले, टेबलावर आपटून कडा जुळवल्या, आणि पहिला आणि दुसरा कागद एकमेकांवर धरून उजेडाकडे उचलले. म्हणाला, “मॅडम, एकच फाइल दोनदा आलीये का? नंबर सेम आहे.”

मी म्हणाले, “नावं वेगळी आहेत ना रे.”

तो म्हणाला, “नावं वेगळी आहेत, पण नंबर पाचही सेम आहेत.” आणि त्याने बोट ठेवून दाखवलं.

मी बघितलं. खरंच सारखा होता, पाचही कागदांवर. इतकंच नाही, नावाची अक्षरं बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित जाड होती, आणि सासूबाईंच्या पानावर जन्मतारीख ओळीच्या थोडी खाली उतरली होती. हे मला तेव्हा दिसलं. नंतर आठवलं असं नाही, तिथेच, त्या दुकानात उभी असताना दिसलं. एखाद्या मुलाची गुणपत्रिका अशी आली असती तर मी ती खिडकीतूनच परत केली असती.

दुकानाबाहेर येऊन मी एजंटला फोन लावला. तो हसला. म्हणाला, “फॅमिली व्हिसा आहे मॅडम. एका कुटुंबाला एकच नंबर देतात. रेशन कार्डसारखं.”

रेशन कार्डसारखं! आणि मला ते पटलं. रोज घासून घासून ही गोष्ट माझ्या डोक्यात भोक पाडतेय. प्रश्न मला पडला होता, मी तो विचारलाही होता, आणि उत्तर मी त्याच माणसाकडून घेतलं ज्याच्यावर शंका होती. व्हिएतनामचा ई-व्हिसा माणशी असतो. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, नंबर वेगळा. त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तुमचा अर्ज शोधताही येतो. त्याला नोंदणीचा कोड, अर्जात दिलेला ई-मेल आणि जन्मतारीख लागते. मग एजंट काय करतो, तर ई-मेल स्वतःचा टाकतो, म्हणजे तुम्हाला तपासताच येऊ नये. एजंटकडून करून घ्यायचंच असेल तर ई-मेल तुमचाच टाकायला लावा, आणि विमानतळावर जायच्या आधी घरी बसून तपासा. तेव्हा माझ्या हातात पाच दिवस होते. ३० ऑक्टोबरला मी नवीन अर्ज केला असता तरी, तीन कामकाजाचे दिवस धरले तर व्हिसा कदाचित वेळेत आला असता. कदाचित.

४ नोव्हेंबरला दुपारी नाशिकहून गाडी केली. चेक-इनच्या रांगेत सासूबाई नव्या स्पोर्ट शूजमध्ये, धाकटा ट्रॉलीवर. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट घेतले, कागद घेतले, आणि गप्प झाली. सुपरवायझरला बोलावलं. त्याने पाचही पानं काउंटरवर ओळीने मांडली आणि पेनाच्या मागच्या टोकाने एकेका नंबरवर टकटक केलं. पाच वेळा. मागे रांग थांबलेली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

म्हणाला, हा व्हिसा कुणाचा तरी खरा असेल, पण तुमचा नाही. संकेतस्थळावर दाखवा, मग बघतो. ई-मेल कुणाचा? एजंटचा. एजंटचा फोन पहिल्यांदा वाजला, दुसऱ्यांदा कट झाला, मग बंद. विमान कंपनीची यात चूक नाही, हे मी मान्य करते. व्हिसा नसलेला माणूस तिकडे उतरवला तर त्याला परत आणण्याचा भुर्दंड त्यांच्यावरच पडतो. खोटा कागद घेऊन आम्ही हनोईला उतरलो असतो तर काय झालं असतं, हा विचार करून आता अंगावर काटा येतो. पण त्या रात्री, सगळ्यांसमोर, बॅगा परत वळवताना, मुलांनी विचारलं, “आपण काय चूक केली?”

पहाटे चारला नाशिकला परत पोहोचलो. गाडीचे जायचे-यायचे ११,५००. तिकिटाचे फक्त कर परत मिळाले, ८,२०० रुपये. तेही मी लेखी मागितले म्हणून. तुमचं विमान चुकलं, तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं, तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं, आपणहून कुणी सांगत नाही. म्हणजे तिकिटात १,१०,८०० बुडाले. हॉटेलं आणि बोटीचे ५२,६०० भरले होते, १४,००० आले, ३८,६०० गेले. बेरीज करून बघा.

आता पोलिसांचं. ५ तारखेला सकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला. त्यांनी तक्रार नोंदवून क्रमांक दिला, पण पैसे देऊन तेरा दिवस झाले होते, खातं रिकामं. हा नंबर पहिल्या तासा-दोन तासात लावायचा असतो. मग आमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेलो. तिथले साहेब म्हणाले, “पैसे तुम्हीच दिले ना? स्वतःच्या हाताने? मग ही देवाणघेवाण झाली.” मी म्हणाले, कागद बनावट आहे. तर म्हणे प्रकार विमानतळावर उघडकीस आला, मुंबईला जा. दुसऱ्या खेपेला साहेब निवडणुकीच्या बंदोबस्तावर. तिसऱ्या खेपेला ‘२० तारखेचं मतदान होऊ द्या’. चौथ्या खेपेला मतदान होऊन गेलेलं, तर निकालाचा बंदोबस्त. पाचव्या खेपेला एक हवालदार म्हणाला, “ताई, एजंटचा राहता पत्ता आणा, मग बघू.” पत्ता मी शोधायचा? गाळ्याचा पत्ता दिलाय, फोन नंबर दिलाय, यूपीआयचं नाव दिलंय, पाच बनावट कागद दिलेत. आणखी काय हातात बेड्या घालून आणून देऊ? एका साध्या अर्जावर शिक्का मारून पोच दिली, गुन्हा नोंदवला नाही. बँकेतही तेच, ‘व्यवहार ग्राहकाने स्वतः केलेला आहे’, छापील उत्तर.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ वाचा. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस थेट करू शकतात असा, कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला नोंदवून घ्यावा लागतो. नकार दिला तर तीच तक्रार टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते. मी रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, बनावट कागदाला ३३६, हे आकडे तोंडावर फेकले की निदान खुर्ची तरी मिळते. ग्राहक आयोगातही जाणार आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. व्हॉट्सॲपवरचं काहीही डिलीट करू नका. माझ्या नवऱ्याने रागाच्या भरात अर्धं बोलणं पुसून टाकलंय.

एजंटने मला ब्लॉक केलंय. गाळ्याला कुलूप आहे, बोर्ड तसाच. पण परवा ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने तिच्या फोनवर त्याचं स्टेटस दाखवलं: ‘व्हिएतनाम व्हिसा अप्रूव्ह्ड, नाताळसाठी बुकिंग चालू’. खाली एका व्हिसाचा फोटो, नावावर आडवी रेघ मारलेली, जन्मतारीख ओळीच्या थोडी खाली उतरलेली.