गच्चीच्या फळ्या आणि झोपाळा: साधा ॲश की थर्मो-ॲश?

मावसभावाला रत्नागिरीच्या घरी गच्चीवर लाकडी फळ्या टाकायच्या आहेत, शिवाय झोपाळाही करायचाय. भट्टीत सुकवलेला ॲश (ॲश नावाच्या झाडाचं कठीण लाकूड) घ्यावा की थर्मो-ॲश (तेच लाकूड खूप जास्त तापवून बदललेलं), यावर गाडी अडलीय.

साध्या भट्टीत साधारण ५० ते ८० अंशांवर फक्त पाणी निघतं. लाकूड तेच राहतं, म्हणून पावसाळ्यात पुन्हा दमट हवा पिऊन फुगतं. थर्मोमध्ये वाफेच्या आवरणात, ऑक्सिजन दूर ठेवून, सुमारे १८५ ते २१५ अंशांपर्यंत तापवतात. लाकडातला पाणी धरणारा घटक, हेमिसेल्युलोज, त्यात विघटित होतो. फुगणं-आकसणं जवळपास निम्म्यावर येतं आणि कुजणंही लांबतं. कोकणात हा फायदा मोठा.

पण ताकद जाते. ताठपणा फारसा बदलत नाही, मात्र वाकताना तग धरण्याची क्षमता जास्त तापमानाला ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते. लाकूड ठिसूळही होतं. ॲशचे हातोड्याचे दांडे बनतात ते त्याच्या धक्का सोसण्याच्या गुणामुळे, आणि नेमका तोच गुण उष्णता खाते. स्क्रूची पकडही कमी होते. आधी भोक पाडलं नाही तर कडेला चीर जाते.

वाळवीच्या बाबतीत दोन्हींवर विसंबू नये. उन्हात दोन्ही करडे पडतात.

उघड्या गच्चीला थर्मो घ्यावा, खालचे आधार जवळजवळ ठेवून आणि मातीला टेकू न देता. घरातल्या झोपाळ्याला साधा ॲश. झोपाळा पावसात टांगायचा असेल तर दोन्ही सोडून जुना साग शोधावा.