वैतागलेल्या दिवशी कूट शब्दकोडं: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीपासून मी लंडनच्या ‘गार्डियन’ दैनिकाचं क्रिप्टिक क्रॉसवर्ड, म्हणजे कूट शब्दकोडं, सोडवतो आहे. रोज बसणं होतंच असं नाही, पण एखादा दिवस चुकला की चुकल्यासारखं वाटतं. अनुभव लिहायला मुद्दाम उशीर केला. नव्याची नवलाई असते तोवर काहीही चांगलंच वाटतं. मला बघायचं होतं ते वेगळंच: कामावरून डोकं फिरवून घेऊन घरी आलोय, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, अशा दिवशी हे कोडं हातात घ्यावंसं वाटतं का? आता पावसाळा निम्मा सरला आणि तसे दिवसही येऊन गेले, म्हणून लिहितो.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. पंधरा बाय पंधरा घरांची चौकट असते. कागद उलटा फिरवून धरला तरी काळ्या घरांची नक्षी तशीच दिसते. आपल्या पेपरातल्या शब्दकोड्यात ‘पंकज’ दिलं की ‘कमळ’ लिहायचं, अर्थ माहीत असला की काम झालं. कूट कोड्यात जवळपास प्रत्येक क्लू, म्हणजे उत्तरासाठी दिलेलं सूचक वाक्य, दोन तुकड्यांचं असतं. वाक्याच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो आणि उरलेल्या भागात तेच उत्तर अक्षरांच्या खेळातून बांधायची कृती असते. दोन्ही तुकडे असे शिवलेले असतात की टाका दिसत नाही. अक्षरं विस्कटायची, शब्दांच्या पोटात लपलेला शब्द काढायचा, उलटं वाचायचं, एका शब्दात दुसरा घुसवायचा, उच्चारावरून ओळखायचं, हे त्यातले नेहमीचे प्रकार.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना यात अनोळखी काही वाटणार नाही. ‘केशवं पतितं दृष्ट्वा’ हे सुभाषित आठवा. केशव पडलेला पाहून द्रोणाला हर्ष झाला आणि सगळे कौरव ‘हा केशव’ करून रडू लागले. वाचताक्षणी कुरुक्षेत्र डोळ्यांसमोर उभं राहतं आणि काहीच जुळत नाही. मग ‘के’ म्हणजे पाण्यात आणि ‘शवं’ म्हणजे प्रेत, असं तोडलं की द्रोण हा डोमकावळा निघतो आणि कौरव हे कोल्हे. प्रेत पाण्यात पडलंय, कोल्ह्यांच्या तोंडी लागत नाही, म्हणून ते रडतात. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने प्रहेलिकांचे, म्हणजे अशा कोड्यांचे, सोळा प्रकार सांगितले आहेत. इंग्रजांचं हे कोडं मात्र तसं अलीकडचं. साधं क्रॉसवर्डच मुळी २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात पहिल्यांदा छापलं गेलं, आणि त्याला कूट वळण पुढच्या काळात इंग्लंडात मिळालं.

मला याची ओळख करून दिली ती आमच्या कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरात भेटणाऱ्या, इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांनी. पहिल्या आठवड्यात मला एकही उत्तर येईना तेव्हा ते म्हणाले, “वाक्य काय म्हणतंय ते सोडून दे रे. वाक्यात काय काय ठेवलंय ते बघ.” हे एक वाक्य माझ्या आजवरच्या सगळ्या वापराचा पाया आहे, आणि वाईट दिवशी नेमकं तेच पाळता येत नाही. त्यावर पुढे येतोच.

वापराचं म्हणाल तर खर्च फार नाही. कोडं वेबसाइटवर फुकट आहे. नवं कोडं तिकडच्या मध्यरात्री येतं, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे साडेपाचला आणि त्यांची घड्याळं पुढे गेली की साडेचारला. चहा टाकेपर्यंत ताजं कोडं हजर. सोमवारचं कोडं सहसा सौम्य असतं. रचणारे टोपणनावाने रचतात आणि काही दिवसांत प्रत्येकाचा हात ओळखू यायला लागतो. पडद्यावर ‘चेक’ आणि ‘रिव्हील’ अशी बटणं असतात. ती शिकताना उपयोगी पडतात, पण चिडलेल्या माणसासाठी ‘रिव्हील’ घातक आहे. एकदा दाबलं की उरलेल्या कोड्यातली गोडीच जाते. म्हणून मी प्रिंट काढून पेन्सिलीने सोडवतो. शनिवारच्या प्राइझ कोड्याला उत्तर जाहीर होईपर्यंत ही बटणंच नसतात, आणि ते मला फार आवडतं. सोबत चेंबर्सची डिक्शनरी लागतेच. इंग्लंडातले कोडी सोडवणारे पिढ्यान्‌पिढ्या हीच वापरत आले आहेत. मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतली, पाठ उसवलेली आहे, पण आतली पानं सगळी शाबूत आहेत.

सुरुवातीला ठरावीक युक्त्या पाठ कराव्या लागतात. ‘फ्लॉवर’ दिसलं की फूलच असेल असं नाही, जी ‘फ्लो’ होते ती नदीही असू शकते. ‘नंबर’ म्हणजे बधिर करणारं औषध असू शकतं, कारण बधिर करणं म्हणजे ‘नम’ आणि लिहिताना दोन्ही सारखंच लिहिलं जातं. क्रिकेट बघत वाढलेल्या आपल्या लोकांना एक फायदा आपोआप मिळतो: ‘डक’ म्हणजे शून्य, म्हणजे ‘ओ’. ‘मेडन’ म्हणजे ‘एम’. ‘विकेट’ म्हणजे ‘डब्ल्यू’. स्कोअरबुक लिहिलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

आता त्या वाईट दिवसाचं सांगतो.

आषाढ होता. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत होती आणि ४३ फुटांची धोका पातळी सकाळपासून प्रत्येकाच्या तोंडी होती. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी बघतो. पावसाळ्यात साच्याच्या वाळूतला ओलावा सांभाळणं हे आमचं मोठं दुखणं. ओलावा जास्त झाला की लोखंडाचा तापलेला रस ओतताना त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगच्या पोटात ब्लोहोल राहतात. वरून माल चकचकीत दिसतो, मशिनिंगला गेला की भोकं उघडी पडतात. त्या दिवशी एका ग्राहकाकडून आख्खा लॉट परत आला. वाळूचा रिपोर्ट काढला, मॉइश्चर हद्दीत. रसाचं तापमान बरोबर. व्हेंट, म्हणजे वाफ बाहेर पडायच्या वाटा, बरोबर. कागदावर सगळं बरोबर आणि माल भंगारात. संध्याकाळपर्यंत मोल्डिंगवाले मेल्टिंगकडे आणि मेल्टिंगवाले सँड प्लांटकडे बोट दाखवत होते. घरी राजारामपुरीत पोचलो तो भिजून, आणि डोक्यात तेच चक्र.

जेवण झाल्यावर कोडं काढलं. त्यातला एक क्लू अडला. तो इथे जसाच्या तसा देत नाही, त्याच धाटणीचा मी बांधलेला देतो: ‘कास्ट आयर्न रॅपिंग फॉर राइस’, चार अक्षरी. भाताला गुंडाळायचं बिडाचं काहीतरी! माझा सगळा जन्म बिडात गेलाय. मी बिडाची भांडी आठवायला लागलो, कढई, तवा, डच अव्हन, झाकणं. वाक्याला अर्थ होता, चित्र समोर दिसत होतं, आणि त्या चित्रातून बाहेर पडताच येईना. वर दिवसभराचा संताप. मला त्या दिवशी ‘कास्ट आयर्न’ हे दोन शब्द वेगळे करून वाचणं शक्यच नव्हतं, कारण ते दोन शब्द एकत्र म्हणजेच माझा परत आलेला लॉट होता.

कागद बाजूला ठेवला, दुसऱ्या कोपऱ्यातली उत्तरं भरली. मग सरांचं वाक्य आठवून शेवटाकडून वाचलं. भाताला गुंडाळायचं आवरण, एवढाच अर्थ असेल तर? मग राहिलं ‘कास्ट आयर्न’. ‘कास्ट’ म्हणजे फेकलेलं, भिरकावलेलं. आयर्नची चार अक्षरं, आय-आर-ओ-एन, भिरकावून द्यायची आहेत. पुन्हा गोळा केली की एन-ओ-आर-आय, नोरी. हा शब्द मी कधी वापरलेला नव्हता. चेंबर्स उघडली: खाण्याचं समुद्री शेवाळ. जपानी लोक सुशीचा भात ज्यात गुंडाळतात ते. माहीत नसलेला शब्द अक्षरांवरून आधी बांधायचा आणि तो खरोखर आहे हे शब्दकोशात नंतर सापडायचं, हा आनंद मला दुसऱ्या कुठल्याच खेळात मिळालेला नाही.

इतक्या महिन्यांत मला सगळ्यात पटलेली गोष्ट इथेच आहे. चिडलेला माणूस सरळ वाचतो. समोरच्याने जे वाक्य टाकलं ते अख्खंच्या अख्खं गिळतो आणि त्याच्याशी भांडत बसतो. कोडं रचणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. वाक्याचा वरवरचा अर्थ हा त्याचा सापळा, आणि राग आलेल्या दिवशी आपण स्वतःहून त्यात पाय घालतो. म्हणून वाईट दिवशी कोडं जास्त अवघड वाटतं, पण ते सोडवणं जास्त कामाचंही असतं, कारण ते वाचण्याची ती सवय जबरदस्तीने मोडायला लावतं. मी आता अशा दिवशी क्लूचा पहिला आणि शेवटचा शब्द आधी वाचतो, मधलं बोटाने झाकतो. अक्षरं विस्कटायची असतील तर ओळीत न लिहिता गोल लिहितो, म्हणजे मूळ शब्द दिसणं बंद होतं. आणि एका क्लूवर अडून राहत नाही, कारण दुसऱ्या उत्तरातून आलेलं एखादं अक्षर पुष्कळदा सगळं मोकळं करून जातं.

दुसरी गोष्ट न्यायाची. आफ्रिट या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये रचणाऱ्यांसाठी एक नियम घालून दिला: मी म्हणतो तोच माझा अर्थ असायला हवा असं नाही, पण माझा जो अर्थ आहे तो मला म्हणावाच लागेल. फसवा, पण खोटं बोलू नका. उत्तर अर्थाकडून जुळतं, अक्षरांकडून जुळतं, आणि आडव्या-उभ्या शब्दांतूनही जुळतं. फाउंड्रीत असं नसतं. दोन-तीन कारणं एकाच वेळी काम करतात, एक सुधारलं की दुसरं डोकं वर काढतं, आणि शेवटी नक्की कशाने झालं ते सिद्ध करता येत नाही. लॉटचं कारण मला कोड्यातून सापडलं नाही, तशी अपेक्षाही नव्हती. पण जिथे कारण नक्की आहे आणि ते समोरच्या कागदावरच आहे, अशा ठिकाणी तास-दीड तास बसून उठल्यावर मला झोप लागली.

याबाबतीत अरौकेरिया या टोपणनावाने गार्डियनमध्ये रचणाऱ्या जॉन ग्रॅहम यांचं उदाहरण मला फार मोठं वाटतं. ते धर्मोपदेशक होते. जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, स्वतःच्या आजाराची बातमी त्यांनी कोड्यातूनच दिली. वर सूचना अशी होती की अरौकेरियाला अमुक उभ्या शब्दाचा आजार अमुक शब्दाच्या ठिकाणी झाला आहे आणि उपचार अमुक-अमुक चालू आहेत. सोडवणाऱ्यांनी एकेक घर भरत नेलं तेव्हा उत्तरं आली: कॅन्सर, अन्ननलिका, पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा होणार नसताना वेदना कमी करणारी शुश्रूषा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. आयुष्यातली सगळ्यात वाईट बातमीही त्या माणसाने नियम न मोडता, प्रत्येक क्लू नीट बांधून सांगितली. मी ते कोडं पाहिलं तेव्हा बराच वेळ पुढचं काही सोडवलं नाही.

उणी बाजूही सांगायला हवी. ब्रिटिश कोड्यात इंग्लंडच्या काउंट्या, नद्या, सैन्यातल्या पदांची संक्षिप्त रूपं, लंडनच्या पूर्व भागातल्या लोकांनी ‘एच’ गाळून केलेले उच्चार, असं बरंच येतं. कोल्हापुरात बसून ते घोकावंच लागतं, त्याला इलाज नाही. पहिले काही आठवडे अर्धी चौकट रिकामी राहते, त्याची तयारी ठेवा. सुरुवात शनिवारच्या कोड्याने मुळीच करू नका. २०२४ पासून त्यांनी क्विक क्रिप्टिक नावाचं छोटं कोडं सुरू केलंय, त्यात कोणत्या प्रकारचे क्लू आहेत ते आधीच सांगितलेलं असतं. नवशिक्याने तिथून यावं.

मला आता वेध लागलेत ते मराठीत रचण्याचे. सरांचा आणि माझा नियम असा: काना-मात्रा-वेलांटीसकट एक अक्षर एका घरात, जोडाक्षरालाही एकच घर. त्यामुळे इंग्रजीइतकी अक्षरं विस्कटता येत नाहीत, पण लपवणं, तोडणं, उलटवणं यांना भरपूर वाव आहे. ‘अनेक मळकट डबक्यांत दडलेलं फूल (३)’. पहिल्या दोन शब्दांच्या सांध्यात बघा, ‘क मळ’ आहे. ‘नदी उलटी वाहिली की गरीब (२)’, उत्तर दीन. ‘सरकारला द्यावा लागणारा हात (२)’, उत्तर कर. हे सरांना आवडले. मग मी मोठ्या उत्साहाने चौथा दिला: ‘लबाड प्राण्यामागे पाणी चढलं, ते आमचं गाव (४)’. कोल्हा आणि पूर. वाक्य संपायच्या आतच त्यांनी उत्तर सांगितलं आणि म्हणाले, “बांधणी चांगली आहे. पण ‘आमचं गाव’ काढ, तिथेच सगळं उघडं पडतंय.” तेवढ्या दोन शब्दांच्या जागी काय घालायचं, ते सध्या शोधतोय.