तीन गोळ्यांचा स्पायरोमीटर: फुंकायचा नाही, ओढायचा

किंमत 280 रुपये, खोक्यावर छापलेली जवळजवळ दुप्पट. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी हॉस्पिटलसमोरच्या एका मेडिकलमधून घेतला. फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर खोल श्वासाचा सराव करायचं हे यंत्र. वापरणारे माझे सासरे, वय 67, आम्ही त्यांना मामा म्हणतो. मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहिते, म्हणून आधी आकडे.

वस्तू साधी आहे. प्लॅस्टिकचे तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक हलकी गोळी, खालून निघालेली वळ्यावळ्यांची नळी आणि तिच्या टोकाला तोंडात धरायचा तुकडा. कप्प्यांवर 600, 900, 1200 असं छापलेलं. सेकंदाला तेवढे सीसी हवा आत ओढली की ती ती गोळी वर चढते.

मामांनी हातात घेतला आणि म्हणाले, "आगं, ह्ये काय पोरांचं खेळणं आणलंयस?" आणि गाल फुगवून जोरात फुंकलं. गोळ्या जागच्या हलल्या नाहीत. ही चूक जवळजवळ सगळेच करतात, कारण खोक्यातला कागद निव्वळ इंग्रजीत आणि चित्रं मुंगीएवढी. शेवटी हॉस्पिटलातल्या फिजिओ मॅडमनी सांगितलं, काका, हवा आत ओढायची. मामा म्हणाले, "म्हंजे विडीगत?" मॅडम हसल्या. "अगदी तशीच. फक्त विडी नको." त्या दिवसानंतर शिकवावं लागलं नाही. विडी ऑपरेशनच्या महिनाभर आधीच सुटली होती, पण झुरका हाताला, तोंडाला पाठ होता.

ऑपरेशन 2024च्या फेब्रुवारीत झालं. उजव्या फुप्फुसाला तीन लोब म्हणजे भाग असतात, डाव्याला दोन. मामांचा उजवीकडचा वरचा लोब काढला, त्यात साडेतीन सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ. खरं तर हे चार महिने आधी व्हायला हवं होतं. खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा एका दवाखान्यात एक्स-रेवर डाग बघून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, थुंकीत जंतू सापडले नसताना. गोळ्या खाऊन वजन उतरत गेलं आणि डाग तसाच राहिला. नाव लिहीत नाही, पण गोळ्यांनी डाग हलत नसेल तर सीटी स्कॅन आणि बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, मागून घ्या, एवढं लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्यात मामांनी तीस वर्षं शिरोलीत फौंड्रीत मोल्डिंगची वाळू चाळली. त्या वाळूतली सिलिकाची बारीक धूळही फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण आहे, हे आम्हाला निदान झाल्यावर कळलं. तोवर सगळा दोष विडीच्याच नावावर होता.

परत यंत्राकडे. छाती उघडली की बरगड्यांत कळ येते, माणूस घाबरून वरवर श्वास घेतो. मग राहिलेलं फुप्फुस नीट फुगत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया गाठतो. त्यासाठी जागेपणी दर तासाला दहा वेळा ओढायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी छातीत नळी, बाटलीत बुडबुडे, आणि पहिली गोळी बोटभर उठून खाली. मामांच्या डोळ्यांत पाणी. चौथ्या दिवशी दोन गोळ्या वर टेकल्या. खोकताना छातीशी उशी कवटाळायची, ही युक्ती मला यंत्रापेक्षाही कामाची वाटली आणि ती फुकट आहे. नुसत्या या यंत्राने फार फरक पडतो असं अभ्यासांतही ठामपणे दिसलेलं नाही. चालणं आणि खोकून कफ काढणं हे हवंच. पण गोळी डोळ्यांना दिसते, आणि "दीर्घ श्वास घ्या" म्हटलं की मामांना राग येतो.

आता खरी अडचण, जी कागदावरच्या इंग्रजीतही धड कळत नाही. सगळ्यांना वाटतं तिन्ही गोळ्या उडवल्या की जिंकलं. तसं नाही. पहिल्या दोन वर आणि तिसरी तळाशी, अशा बेताने सावकाश ओढायचं आणि दोन-तीन सेकंद धरून ठेवायचं. तिसरी उडाली म्हणजे झटका मारला, आणि झटक्याने फुप्फुसाचे कोपरे भरत नाहीत. यंत्र तिरकं धरलं की गोळ्या हलक्याने चढतात, हा शोध आमच्या चौथीतल्या पोराने लावला आणि आजोबांना शिकवला. दोघांनाही ओरडा बसला.

तरी मामांचा जीव तिसऱ्या गोळीतच. कारण त्यांनी मनाशी एक हिशेब मांडला आहे: तिसरी उठली म्हणजे रोग काही माघारी येत नाही. मी एकदा डॉक्टरांसमोरच हे बोलून दाखवलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी रिपोर्ट पुढे ओढला. कापलेल्या कडा मोकळ्या, आसपासच्या लसिका ग्रंथींत काही नाही, कॅन्सरचा टप्पा पहिला, त्यातला बी. मग म्हणाले, गाठ आम्ही पूर्ण काढली, पण ऑपरेशनआधीच एखादी पेशी रक्तातून निसटली असेल तर ती आज कुठल्याच मशीनला दिसत नाही. पहिल्या टप्प्यातसुद्धा चार-पाच जणांत एखाद्याचा रोग परत येतो, बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि छातीतच येईल असं नाही. मेंदू, हाडं, यकृत, कुठेही. म्हणून तीन वर्षं दर सहा महिन्यांनी सीटी, पुढे वर्षातून एकदा. विडी परत धरली तर धोका वाढेल. डोकेदुखी, हाडात दुखणं, वजन उतरणं, आवाज बसणं अंगावर काढायचं नाही. "गोळी श्वासाचं सांगते, रोगाचं नाही," हे त्यांनी मामांकडे बघून दोनदा सांगितलं. मामा म्हणाले, "व्हय सायेब." घरी आल्यावर हातपाय धुतले आणि तिसरी उडवली.

टिकाऊपणा बरा आहे. गोळ्या, कप्पे अजून शाबूत. नळी मात्र सात-आठ महिन्यांत वळ्यांपाशी चिरली आणि हवा गळायला लागली. सुटी नळी लक्ष्मीपुरीपर्यंत विचारली, कुणाकडे नाही. म्हणजे पाच-दहा रुपयांच्या तुकड्यासाठी पुन्हा 280. दुसरी बाब, तोंडाचा तुकडा साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचा, उकळत्या पाण्यात टाकायचा नाही. आमचा पहिला वाकडा झाला. आणि प्रत्येक पेशंटचा वेगळा. शेजारच्या काकूंनी दम्यासाठी मागितला होता, मी नाही म्हणाले, त्यांना राग आला तर आला.

घ्यायचाच असेल तर ऑपरेशनच्या आठ-दहा दिवस आधी घ्या आणि छाती दुखत नसताना सवय करा. आम्ही आदल्या संध्याकाळी घेतला, ती चूक. पाचपैकी चार तारे. एक कापला तो नळी आणि त्या इंग्रजी कागदासाठी.

आतापर्यंत तीन सीटी झाले, तिन्ही स्वच्छ. चौथा फेब्रुवारीत. आदल्या आठवड्यात रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम, तपासायचं, त्या दिवशी चार तास उपाशी जायचं, हे मामांना आता पाठ आहे. सीटीच्या आदल्या रात्री ते जेवण झालं की सोप्यात भिंतीला टेकून बसतात, यंत्र मांडीवर घेतात आणि झटक्याने तिसरी गोळी उडवतात. एकदा, दोनदा, तीनदा. एरवी मी स्वयंपाकघरातून ओरडते. त्या रात्री भांडी घासत बसते.