सरोगसीच्या नावाखाली माझे 30,899 रुपये गेले

नाव सांगणार नाही. "पोट भाड्याने द्यायला निघाली होती" एवढं गल्लीत ऐकायचं राहिलंय, ते नको. पण बचत गटातल्या दोघींना परवा तीच जाहिरात आली, म्हणून लिहितेय.

"सरोगेट माता पाहिजे, 6 लाख, राहणं-जेवण मोफत." म्हणजे दुसऱ्या जोडप्याचं मूल आपल्या पोटात वाढवून त्यांना द्यायचं. नवऱ्याचे माग दिवाळीपासून बंद, पोरीची फी थकलेली. मला हावरट म्हणणाऱ्यांनी आधी ती फी भरावी. फोनवरची मॅडम "ताई, ताई" करत गोड बोलायची. नोंदणीचे 2,100 घेतले, मग मेडिकलचे 6,500.

आणि इथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पैसे गेल्यावर तासाभरात मोबाईलवर रिपोर्ट आला, शिक्क्यासकट: 'फिट'. अहो, सुईसुद्धा टोचली नव्हती! वर रक्तगट बी पॉझिटिव्ह. माझा ओ आहे, दोन्ही बाळंतपणांच्या कागदांवर आहे. विचारलं तर म्हणाली, "ताई, कॉम्प्युटरची चूक, दुरुस्तीचे 500 टाका." टाकले मी! आजही आठवलं की रात्री उठून बसते. माझं वय 37, तर म्हणे "34 लिहू, कोण बघतंय?" पण समोर 6 लाख दिसत असताना तुम्ही तरी किती प्रश्न विचारले असते?

पुढे 36 महिन्यांच्या विम्याचे 11,800, ॲफिडेव्हिट आणि कोर्टाचे 9,999. यातले 20,000 गटाचं कर्ज. शेवटी दीड लाखाचा पहिला हप्ता "अडकला", तो सोडवायला टीडीएसचे, म्हणजे आधीच कापायच्या कराचे, 15,000 मागितले, तेव्हा मी थांबले. त्याच संध्याकाळी नंबर बंद.

नंतर एका वकीलबाईंनी सांगितलं ते नीट वाचा. जानेवारी 2022 पासून कायदा लागू आहे, पैसे घेऊन सरोगसी करायला बंदी आहे. दवाखान्याचा आणि ठरलेला खर्च, विमा, बस्स. तो 36 महिन्यांचा विमासुद्धा मूल हवं असलेल्या जोडप्याने काढायचा असतो. सरोगेट बाईचं लग्न झालेलं आणि स्वतःचं मूल असावं लागतं, वय 25 ते 35, आणि तेही आयुष्यात एकदाच. म्हणजे 6 लाखांची जाहिरात हाच गुन्हा. जिच्या पोटात मूल वाढणार तिच्याकडूनच कोणी पैसे मागितले, तर फोन ठेवा.

आता पोलिसांचं ऐका. चौकीत गेले तर "हे सायबरचं, तिकडे जा." तिकडे म्हणाले, "आधी तुमच्या चौकीत अर्ज द्या." परत चौकीत. हवालदाराने अर्ज मोठ्याने वाचला, बाकड्यावरचे चार पुरुष ऐकतायत. मग म्हणतो, "बाई, हे बेकायदेशीर आहे, तुम्हालाच आत टाकू." मला! जाहिरात देणाऱ्याला 10 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड आहे. बाईवर घरच्यांनी नाहीतर त्या जोडप्याने जबरदस्ती केली असंच कोर्ट आधी धरून चालतं, हे त्याला मी सांगायचं का? पगार कशाचा घेतात? बँकेतला साहेब तर मान वर न करता म्हणाला, "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो, मीच टाकला. म्हणून चोर चोर राहत नाही का? सरकारी दवाखान्यात विचारायला गेले, तर खिडकीवरच्या बाईने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि दुसऱ्या खिडकीकडे बोट केलं. ती खिडकी बंद होती.

पैसे गेल्या गेल्या 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी लाजेने आठवडा घालवला, तोवर त्या चोरांचं खातं रिकामं झालेलं. चॅट पुसू नका, मी रागाने अर्धं पुसलं होतं, तेही पोलिसांनी मलाच सुनावलं.

माझं आधार, पासबुक, पोरांचे जन्मदाखले अजून त्यांच्याकडे आहेत. आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, मी लॉक केलंय. तुम्हीही कागद पाठवले असतील तर आजच करा. तक्रारीवर अजून "प्रलंबित" दिसतंय, आणि गटाचा हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला आहे.