हळद-सालईच्या कॅप्सूलचा डबा: दिवाळीपासून वापरल्यावर

माल ठीक, झाकण भिकार. घाईत असाल तर एवढं वाचून पुढं जा.

कंपनीचं नाव लिहीत नाही. मोबाइल उघडला की अशा डझनभर कंपन्या समोर येतात आणि सगळ्यांचा मसाला जवळपास एकच असतो: हळदीचा अर्क, काळ्या मिरीचा अर्क, सालईचा डिंक. नव्वद कॅप्सूल, रोज तीन, ८४९ रुपये. म्हणजे डबा महिनाभराचाच, पण जाहिरातीत 'नव्वद' एवढंच मोठ्या अक्षरांत. मी तो मायसाठी मागवला. वय सत्तरीला टेकलेलं, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, हाताच्या बोटांची पेरं सुजलेली.

आणि अशा माणसाच्या डब्याला झाकण कसलं, तर दाबून फिरवायचं. तळहात झाकणावर ठेवून भार द्यायचा, तो भार तसाच ठेवून मनगट वळवायचं. सुजलेल्या पेरांना ही दोन्ही कामं एकदम जमत नाहीत. झाकण नुसतं टकटक करत फिरत राहतं. माय डबा आधी पोटाशी धरते, मग मांडीत दाबते, शेवटी उलटा करून उंबरठ्यावर रेटते. एकदा वैतागून म्हणाली, "हे दवाई खोलाले अगुदर दुसरी दवाई घ्या लागते, बाबू."

कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडची पोरगी शांतपणे म्हणाली, "सर, प्रेस करके घुमाइए." मी म्हटलं, ताई, हा सांधेदुखीचा माल आहे, घेणाऱ्याचे सांधेच दुखतात. त्यावर उत्तर आलं की लहान मुलांच्या सुरक्षेसाठी आहे, व्हिडिओ पाठवा. पाठवला. बदली डबा आला, झाकण तेच, आणि सोबत पुढच्या ऑर्डरवर सूट. कुरिअरवाला आमच्या गावापर्यंत येत नाही, डबा तालुक्याहून आणावा लागतो. त्या पेट्रोलमध्ये ती सूट कधीच जळून गेली.

आता मुळात हे लफडं घरात आलं कसं, ते सांगतो. गेल्या मे महिन्यात मायचे पाय सुजले, उठताना अंधारी यायला लागली. वर्ध्याला दाखवलं. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड मंदावलं की रक्तात वाढतो तो घटक, १.७. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "दुखण्याची गोळी कोणती खाता?" मायनं सांगितलं, "काही नाही, ते किराण्यातली साधी गोळी." ती साधी गोळी म्हणजे एसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल. आमच्या गावात ती किराण्यात मिळते, पानठेल्यावर मिळते, कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळी चहाबरोबर घेऊनच वावरात उतरतात. दिवसभर कंबरेत वाकायचं आणि मजुरी किलोवर, मग न दुखता वेचायला गोळीच लागते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाही असा कायदा आहे. किराणावाल्याला तसं सांगितलं तर तो हसतो.

बाईंनी कागदावर रेघा ओढून समजावलं. दुखणं आणि सूज वाढवणारी जी रसायनं शरीर तयार करतं, ती ही गोळी रोखते. पण त्याच घराण्यातली रसायनं जठराचं अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा ओघ चालू ठेवतात. गोळीला आपलं-परकं कळत नाही, सगळ्यांनाच आडवं करते. म्हणून कोणाच्या पोटात व्रण होतो, कोणाला डांबरासारखी काळी शौचास होते, कोणाचं बीपी चढतं, कोणाच्या अंगावर पाणी साचतं. मायला बीपीची टेल्मिसार्टन होती, सोबत लघवीवाटे पाणी काढणारं औषध, वर ही रोजची गोळी. हे तिन्ही एकत्र मूत्रपिंडाला फार जड जातं, आणि घामानं अंगातलं पाणी कमी झालं की आणखीच. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बाई म्हणाल्या, "अशा उन्हात किडनीनं करायचं काय?"

ऐकताना मला ढोरांचा डॉक्टर आठवला. आमच्या लहानपणी बैल मेला की गावाबाहेर गिधाडं उतरायची. आता दिसतच नाहीत. दुखण्या-सुजेवर ढोरांना डायक्लोफिनॅक टोचायचे, ते ढोर मेलं की त्याच्या मांसातून औषध गिधाडांच्या पोटात जायचं आणि गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. २०२३ मध्ये एसिक्लोफिनॅकवरही आली, कारण गाईच्या शरीरात त्याचं डायक्लोफिनॅकच होतं. गिधाडासाठी बंद झालेली गोळी माझी माय चहाबरोबर खात होती. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं नाजूक नाही हे मलाही कळतं, पण किराण्यातली ती बरणी बघितली की अजून डोकं तापतं.

गोळी बंद केली आणि पावसाळाभर मायनं दुखणं दात-ओठ खाऊन काढलं. दिवाळीच्या आधी वेचणी सुरू झाली. ती घरी बसायला तयार नाही. तेव्हा हा डबा मागवला.

पहिल्या महिन्यात काहीच फरक नाही. दुसऱ्या महिन्यात माय चक्क वावरात जाऊन यायला लागली, खाटेवरून उठताना "अगं माय" म्हणणं कमी झालं. मी खूश. पाच चांदण्या द्यायच्या तयारीत होतो, झाकणाची एक कापून चार. दोन-चार जणांना डबा घ्यायलाही सांगितलं.

संक्रांतीच्या आसपास बायकोनं लुगडं धुवायला घेतलं, तर कनवटीतून गोळ्यांचा पत्ता निघाला. अर्धा संपलेला. किराण्यातलीच गोळी. विचारलं तर माय म्हणते, "तुह्या डब्यानं होते कमी, पन हे घेतलं त लवकर होते." म्हणजे मी ज्याचं कौतुक करत होतो ते हळदीचं होतं की कनवटीचं, देव जाणे. चार चांदण्या तिथंच रद्द.

नेमकं याच वेळी झाकणाचा राग दुप्पट झाला. मूत्रपिंड बिघडवणारी गोळी पत्त्यातून अंगठ्यानं टुचकन बाहेर येते, आंधळ्यालाही काढता येते. आणि हळद कुलपात! सत्तरीच्या बाईला डबा उघडत नसेल तर ती काय करणार, जे उघडतं ते खाणार. मायनं तोंडानं कबूल केलं नाही, पण निम्मं कारण हेच होतं याची मला खात्री आहे. मग मी कॅप्सूल काढून एका साध्या फिरकीच्या बरणीत भरल्या आणि बरणी नातवाचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवली. हे कंपनीला का सुचू नये?

खरी परीक्षा संक्रांतीनंतरच झाली म्हणायची. किराण्यातली गोळी पूर्ण बंद. बाईंनी गुडघ्याला लावायला डायक्लोफिनॅकचंच मलम दिलं. मी बिचकलो, तर म्हणाल्या की मलमातून रक्तात जातं ते गोळीच्या मानानं फार थोडं, आणि बेतानं लावायचं, तेही रक्ताच्या तपासण्या चालू ठेवून. व्यायामही दिला: खाटेवर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबायचा, मांडी कडक करून थोडा वेळ धरायची, सोडायची. मायला पहिल्यांदा हसू आलं, "हे काय औषध व्हय?" आता ती सकाळी रेडिओ लावून करते. चूल ओट्यावर घेतली, शौचाला खुर्ची घेतली. डबा चालूच होता.

शिमग्याच्या वेळी कुरिअर लटकलं आणि डबा मधले बरेच दिवस मिळालाच नाही. मलम आणि व्यायाम चालू. सकाळचा आखडलेपणा थोडा वाढला, बाकी काही कोसळलं नाही. डबा परत आला तेव्हा आखडलेपणा पुन्हा थोडा कमी. त्यामुळे माझा हिशेब असा: आराम पडला त्यात चार आणे डब्याचे, बारा आणे मलमाचे आणि टॉवेलच्या गुंडाळीचे. टॉवेल घरचाच होता.

चार आण्यांनाही अर्थ आहे, हे कंजूस माणूस म्हणून सांगतो. मी आधी म्हणत होतो की वायगावची हळद हाकेच्या अंतरावर पिकते, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली आहे, मग ८४९ कशाला घालवायचे? वहीत आकडे मांडले. साध्या हळदीत कुरक्युमिन, म्हणजे हळदीतला कामाचा घटक, साधारण दोन ते पाच टक्के. पाच टक्के धरले तरी १५०० मिलिग्रॅम कुरक्युमिनसाठी रोज ३० ग्रॅम हळद पोटात जायला हवी. दुधात अर्धा चमचा टाकून ते होत नाही. शिवाय कुरक्युमिन आतड्यातून सहज शोषलं जात नाही, म्हणून मिरीचा अर्क टाकतात. थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांवर हळदीच्या अर्काची आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळीशी तुलना झाली, २०१४ मध्ये छापून आली. चार आठवड्यांत दुखण्यावर अर्क मागे पडला नाही आणि पोटाच्या तक्रारी कमी होत्या. अभ्यास फक्त चार आठवड्यांचा, एवढं मात्र जाहिरातवाले सांगत नाहीत.

तेच जाहिरातवाले आणखी एक गोष्ट सांगत नाहीत. मार्चमध्ये क्रिएटिनिन १.३ वर आलं, बाई खूश झाल्या आणि मी ऐटीत डबा टेबलावर ठेवला. त्यांनी लेबल वाचलं आणि लिव्हरची तपासणी लिहिली. मिरीचा अर्क कुरक्युमिन आत ढकलतो तसा दुसरी औषधंही जास्त आत ढकलू शकतो. आणि अशा जोरदार अर्कांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं इटलीत नोंदली गेली आहेत, ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये तसा इशाराही दिला. भाजीतल्या हळदीबद्दल हे नाही, अर्काबद्दल आहे. मायचा रिपोर्ट चांगला आला. पण लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, भूक गेली तर डबा त्याच दिवशी बंद, असं बजावलं. त्याच डब्यावर तळाशी बारीक अक्षरांत छापलंय की हे औषधी वापरासाठी नाही. वर फोटो मात्र गुडघ्याचाच.

तरी बाजाराच्या दिवशी येणाऱ्या पुडीवाल्यापेक्षा हा डबा परवडला. आमच्या शेजारचे काका ती पुडी खाऊन दुसऱ्या दिवशी बैलबंडीवर उडी मारून चढले. एका रात्रीत गुडघे मोकळे करणारी जडीबुटी दिसली की मला तिच्यात स्टेरॉइडच दिसतं. हे आपल्याकडेच चालतं असंही नाही. 'आर्ट्री किंग' नावाचा असाच एक सांध्यांचा 'नैसर्गिक' माल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तपासला, तर त्यात लपवलेलं डायक्लोफिनॅक आणि डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड निघालं. २०२२ मध्ये लोकांना सावध केलं. स्टेरॉइड बरेच दिवस घेऊन एकदम तोडलं तरी जीवावर बेतू शकतं, म्हणून काकांना मी पुडी फेका म्हणालो नाही, पुडीसकट दवाखान्यात चला म्हणालो. ते अजून हो-नाही करताहेत.

तर चांदण्या: मालाला तीन, कस्टमर केअरला एक, झाकणाला शून्य. चालू डबा संपला की लगेच दुसरा मागवणार नाही. वेचणीच्या दिवसांत लागला तर मागवीन, तेही बाईंना विचारून.

सध्या वाद सासऱ्यांशी चाललाय. मायला चालताना बघून मामाजींनी परस्पर डबा मागवला. त्यांच्या हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू, आणि हळदीच्या अर्कानं त्यात रक्तस्राव वाढायची भीती असते. मी म्हटलं, मामाजी, आधी तुमच्या हार्टवाल्या डॉक्टरला लेबल दाखवा. त्यांना वाटतंय, जावई ८४९ रुपयांसाठी रडतोय. डबा माझ्याकडे सीलबंद आहे, परत पाठवायची मुदत शनिवारपर्यंत आहे आणि मामाजी फोन उचलत नाहीत.