१५० एएचची बॅटरी खरंच किती तास चालते? उन्हाळा ते दिवाळी, परभणीतला अनुभव

दुकानात इन्व्हर्टर घ्यायला गेलं की पहिलं उत्तर ठरलेलं: "आरामात आठ तास, बिनधास्त राहा." कशावर आठ तास, हे कुणी सांगत नाही. आमच्याकडे ९०० व्हीएचा साईन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्युब्युलर (पाणी घालावं लागतं ती लेड-ॲसिड) बॅटरी पाडव्याच्या आधी बसवली. व्हीए म्हणजे इन्व्हर्टर एका वेळी किती लोड उचलतो ते, आणि एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. अख्खा उन्हाळा, मग पावसाळ्यातली तासातासाला जाणारी लाईट आणि दिवाळी एवढं सगळं बघून झाल्यावर लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. १५० एएचची चांगली ट्युब्युलर कुठल्याही कंपनीची घ्या, गणित हेच राहतं.

१२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-अवर. कागदावर बरं दिसतं. पण हे १५० एएच वीस तासांत सावकाश उतरवली तर मिळतात. लोड जास्त टाकला की बॅटरी त्या प्रमाणापेक्षाही लवकर बसते. त्यात इन्व्हर्टर स्वतः पंधरा-वीस टक्के खातो, आणि दर वेळी तळापर्यंत उतरवली तर बॅटरीचं आयुष्य जातं. म्हणून मी सरळ ०.६ ने गुणतो. हातात उरले १०८०. याला घरातल्या वॉटने भागायचं. कूलरसारखा मोठा लोड असेल तर ०.५ धरा.

आता वॉट कसे मोजायचे? पंख्यावरच्या स्टिकरवर विसंबू नका. बाहेरच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे, काहींवर १६०० असतं. घरातलं सगळं बंद करून एकच वस्तू चालू ठेवायची आणि पाच मिनिटं दिवा मोजायचा. ३२०० च्या मीटरला मिनिटाला एक लुकलुक म्हणजे जवळजवळ १९ वॉट. जुना सीलिंग फॅन मिनिटाला चार, म्हणजे ७५. कूलर साडेनऊच्या आसपास, म्हणजे १८०. धाकट्याला हे काम इतकं आवडलं की त्याने मिक्सरसुद्धा मोजायला घेतला.

हिशेब आणि प्रत्यक्ष असं निघालं. दोन जुने पंखे, एक एलईडी बल्ब आणि वायफायचा डबा मिळून १७० वॉट. गणिताने सहा तासांच्या वर, प्रत्यक्षात बॅटरी नवी असताना साडेपाच. त्यात एका पंख्याऐवजी कूलर लावला की तीन तासांच्या आतबाहेर. मे महिन्यात आमच्याकडे कूलर म्हणजे चैन नव्हे, बेचाळीस डिग्रीत नुसता पंखा गरम वाराच फेकतो. तरी रात्री दोननंतर हवा जरा उतरते. तेव्हा कूलर बंद करून पंख्यावर यायचं, एवढ्याने पहाट निघते.

खरा फरक पडला तो बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीच्या पंख्यांनी. फुल स्पीडला एक पंखा तीस वॉटच्या आसपास घेतो. दोन पंखे बदलल्यावर रात्रीचा लोड १७० वरून ८० वर आला, म्हणजे गणिताने तेरा तास. तेरा तास लाईट गेली नाही, त्यामुळे शेवटपर्यंत बघितलेलं नाही. पण संध्याकाळी गेलेली लाईट सकाळी आली तरी पंखे फिरत होते. कुणी दुसरी बॅटरी जोडायचा सल्ला दिला तर आधी पंखे बदला.

फ्रिजबद्दल सगळे विचारतात. आमचा एकदारी फ्रिज चालू असताना सव्वाशे वॉट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट ओढतो, आणि त्याच वेळी कुणी मिक्सर लावला तर इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बसतो. आईचं इन्सुलिन आत असतं म्हणून काळजी होतीच. पण दार उघडलं नाही तर फ्रिज चारेक तास गारवा धरतो. लाईट गेली की दाराला चिकटपट्टी, पोरांनी पाणी माठातलं प्यायचं. त्याहून जास्त वेळ गेली तरच पंखे बंद करून फ्रिज तासभर इन्व्हर्टरवर घेतो. पाण्याची मोटार मात्र यावर लावायचा विचारही करू नका.

बॅकअप किती, याचं अर्धं उत्तर चार्जिंगमध्ये आहे, आणि ते दुकानदाराच्या तोंडून कधी येत नाही. पूर्ण उतरलेली १५० एएच भरायला दहा-बारा तास सलग लाईट लागते. संध्याकाळी चार तास आणि पहाटे परत तीन तास गेली, तर पहाटेच्या वेळी बॅटरी अर्धीमुर्धीच भरलेली असते. तेव्हा सहा तासांचा हिशेब कुणाला दाखवणार?

आणखी एक गंमत. एप्रिलमध्ये लाईट असतानाही बॅटरी उतरलेली सापडायची. कारण व्होल्टेज. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि इको असा खटका असतो. यूपीएसवर ठेवला की १८० व्होल्टच्या खाली तो मेन लाईट सोडून बॅटरीवर जातो. संध्याकाळी सगळ्या गल्लीचे कूलर चालू झाले की व्होल्टेज तेवढं पडतंच. इकोवर तो १०० पर्यंत तग धरतो. कॉम्प्युटर नसेल तर खटका इकोवर करा. पण एवढ्या कमी व्होल्टेजला फ्रिजला स्टॅबिलायझर हवाच.

बॅटरी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. २५ डिग्रीच्या वर प्रत्येक दहा डिग्रीला आयुष्य साधारण निम्मं होतं असं धरतात. आमची जिन्याखाली, हवा खेळती राहील अशी ठेवली आहे. मेमध्ये पाणी झपाट्याने कमी होतं, तरंगणाऱ्या खुणेकडे महिन्यातून दोनदा लक्ष ठेवा. पाणी डिस्टिल्डच. बोअरचं नाही, आरओचंही नाही.

समोरच्यांनी लिथियम घेतली, १२.८ व्होल्ट १०० एएच, म्हणजे १२८० वॉट-अवर. त्यातले हजार-अकराशे वापरता येतात, म्हणजे आमच्याएवढेच, आणि पाणी घालायची कटकट नाही. चार्जरने जरा जोरात अँपिअर दिले तर ती अर्ध्या वेळात भरते, म्हणून दिवसातून दोनदा लाईट जाणाऱ्या गावात तीच सोयीची. पैसे मात्र भरपूर जास्त लागतात, आणि इन्व्हर्टरमध्ये लिथियमचं सेटिंग असावं लागतं. आमच्यात ते नाही, म्हणून ही बॅटरी संपेपर्यंत आम्ही ट्युब्युलरवरच.