2,31,000 रुपये आणि मेंढीच्या गळ्याखालची सूज

मेंढीपालनाच्या योजनेत मी फसलो, त्याचा आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "तरी किती गेले?" असं कुणी विचारायला नको. दोन लाख एकतीस हजार. 18 'गाभण' मेंढ्या, नगाला 9,500 प्रमाणे 1,71,000. एक मेंढा 16,000. 'आरोग्य किट' म्हणजे जंतनाशकाच्या 12 बाटल्या, 24,500. कोकरं परत विकत घेण्याच्या कराराची 'नोंदणी' 11,000. गाडीभाडं 8,500. बेरीज करून बघा, जुळेल. 34 वर्षं बँकेत काढली, बेरजेत मी चुकत नाही.

योजना काय असते ते तुम्हाला ठाऊक आहेच. आधी आमचा माल घ्या, मग तुमचा माल आम्ही उचलू. इमू पक्षी झाले, कडकनाथ कोंबड्या झाल्या. कडकनाथमध्ये बुडालेल्यांना मी स्वतः हसलो होतो, इंदूरच्या सराफ्यात गरमागरम भुट्ट्याचा कीस खात हसलो होतो, तेही सांगून टाकतो. माझ्या योजनेत कोकरू तीन महिन्यांचं झालं की 4,500 रुपयांना उचलणार होते. मग मी अडकलो कसा? मला वाटलं, जिवंत जनावर दारात उतरणार, ते मी डोळ्यांनी बघणार, त्यात कोण काय फसवणार! कागदावरचे पैसे बुडतात, मेंढी कशी बुडेल?

मेंढी आतून बुडते.

इंदूरजवळ सिमरोलच्या बाजूला वडिलांची थोडी जमीन आहे. निवृत्तीनंतर रोज राजवाड्यापर्यंत फेरी मारून पोहे खाण्यापेक्षा काही करावं असं वाटलं, यात चूक काय? मेव्हणा म्हणाला, "होळकरांच्या गावात राहून मेंढ्या नाही पाळायच्या तर कुठे पाळायच्या?" मल्हारराव धनगराच्या घरातले, हे इंदुरात शाळकरी पोरालाही माहीत असतं. बायको तेवढी "नको" म्हणाली होती. ते ती आता दिवसातून दोनदा सांगते.

पैशाचंच आधी घ्या. 61,000 मोबाइलवरून भरले, 70,000 बँकेतून पाठवले, एक लाख रोख. मोबाइलवर पैसे भरताना पडद्यावर भलत्याच बाईचं नाव आलं. मी विचारलं. विक्रेता म्हणाला, "भिया, भाभी का खाता है, जीएसटी का लफड़ा रहता है." खात्यावरचं नाव जुळत नसेल तर पैसे सोडू नका, हे काउंटरवर बसून मी शेकडो लोकांना सांगितलंय. आणि स्वतः अंगठा दाबला. रोख एक लाखाची पावती तर मागितलीच नाही, कारण तो चहा पीत होता आणि पावती मागणं मला अपमानास्पद वाटलं. त्याचा अपमान! मागा. चहा गार होऊ दे त्याचा.

9 जुलै 2024, मंगळवार, भर पावसात पिकअप आली. आता त्या अर्ध्या तासाबद्दल लिहितो. तो अर्धा तास मी रोज रात्री पुन्हा बघतो.

तिसरी की चौथी मेंढी उतरली, तिच्या जबड्याखाली पिशवीसारखी सूज लोंबत होती. बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. मी विचारलं, हे काय? तो हसला. "चर्बी है साब. खाया-पिया माल है." आणि मला बरं वाटलं! आपल्याला धष्टपुष्ट माल मिळाला म्हणून बरं वाटलं! ते पाणी होतं. रक्तातली प्रथिनं इतकी कमी झालेली की अंगातलं पाणी शिरांमध्ये टिकेना, ते गळ्याखाली उतरलेलं. चरबीत बोटाचा खड्डा राहत नाही, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

शेजारच्या वाडीतले म्हातारे गाडरी (मेंढपाळ) काका बघायला आले होते. त्यांनी काही न बोलता एका मेंढीची खालची पापणी ओढली आणि मला दाखवली. "आँख देखो साब, सफेद है." आतला भाग लालबुंद हवा, निदान गुलाबी तरी. तो कागदासारखा पांढरा होता. विक्रेता लगेच म्हणाला, दोन दिवसांच्या प्रवासाचा थकवा आहे. मग त्याने वाकून मूठभर लेंड्या उचलल्या, माझ्या तळहातावर ठेवल्या. "देखो, गोल, सख़्त. कीड़ा होता तो दस्त नहीं लगते?" मला पटलं. काकांपेक्षा मला तो जास्त शिकलेला वाटला, कारण त्याच्या हातात फाइल होती.

हा मुद्दा नीट वाचा, याच्यावर माझ्या 7 मेंढ्या गेल्यात. मेंढीला मारणारा सगळ्यात वाईट जंत रक्तपित्या आहे, शास्त्रीय नाव हिमॉन्कस. तो चौथ्या पोटात चिकटतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलि, म्हणजे पाच हजार जंत असले तर रोज पाव लिटर. या जंताने सहसा हगवण लागत नाही. लेंड्या घट्ट, गोल, अगदी सुंदर असतात, आणि मेंढी उभ्या उभ्या पांढरी पडते. त्या माणसाला हे माहीत होतं, म्हणूनच त्याने लेंड्या दाखवल्या. अडाणी असता तर मी माफ केलं असतं.

बाटल्यांवर छान रंगीत लेबल होतं. बॅच नंबर नाही, बनवल्याची तारीख नाही, परवाना क्रमांक नाही. औषध आणि बडीशेपेचं सरबत यांचा वास सारखा नसतो, हेही मला आता कळतंय. त्याने स्वतः सगळ्यांना सारखं पाजून दाखवलं, 45 किलोच्या मेंढ्यालाही 5 मिलि आणि 24 किलोच्या मेंढीलाही 5 मिलि. वजनाचा काटा कुठे आहे, हे मी विचारलं नाही. जंतनाशक वजनावर असतं. अंदाजे द्यायचं तर गटातल्या सगळ्यात जड जनावराच्या हिशेबाने. कमी पाजलं की जंत मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात. आणि गाभण मेंढीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल हे जंतनाशक कुणाच्या सांगण्यावरून पाजू नका, पोटातल्या पिल्लात व्यंग येऊ शकतं. डॉक्टरला विचारा. शेजाऱ्याला नाही, मोबाइलला नाही.

27 जुलैला पहिली गेली. ऑगस्ट संपेपर्यंत सात. तिसरीच्या वेळी डॉक्टरांनी पोट फाडून दाखवलं. आत लाल-पांढरे, पीळ घातलेल्या दोऱ्यासारखे जंत, दोन-तीन सेंटिमीटरचे, वळवळत होते. लाल ते प्यालेलं रक्त, पांढरी ती मादीची अंडनळी. एक मादी दिवसाला पाच-दहा हजार अंडी घालते. ती लेंड्यांतून माझ्या काळ्या मातीत पडली, पाऊस होताच, अळ्या ओल्या गवताच्या पात्यावर चढल्या, आणि मी सकाळी दव असतानाच कळप सोडत होतो. लवकर उठणं चांगलं असतं ना! ऊन चढल्यावर सोडा. त्याच तुकड्यावर रोज चारू नका. नवी मेंढी आली की ती वेगळी बांधा, लेंड्यांची तपासणी करून घ्या. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मी शेवटी नमुना तिथेच नेला. जुलैतच नेला असता तर हे लिहावं लागलं नसतं.

कोकरांचं थोडक्यात लिहितो, जास्त लिहवत नाही. 18 पैकी गाभण निघाल्या 12. तीन पोटातल्या जिवासकट गेल्या. नऊ व्यायल्या, कोकरं दहा. आयांच्या अंगात रक्त नाही तर कासेत दूध कुठून येणार? दोन किलोच्या कोकराला पहिल्या दिवसात 200 मिलि तरी चीक पोटात जायला हवा, आणि पहिला घोट पहिल्या दोन तासांत. आमच्याकडे कुणाच्याच सडाला चीक नव्हता. काकांनी गावातून नुकत्याच व्यायलेल्या गाईचा चीक आणला, तोवर पहाट झाली होती. गाईचा चीक बाटलीत भरून आधीच फ्रीजरमध्ये ठेवा, लागेल तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवून वितळवा, उकळू नका, फाटतो. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. आम्ही लावलं. तरी चारच वाचली.

आता तक्रार. पोलीस ठाण्यात विचारलं, "मेंढ्या जिवंत उतरल्या होत्या ना? मग फसवणूक कसली? हा व्यवहार आहे, दिवाणी दावा लावा." दुसऱ्या ठाण्याने सांगितलं, जमीन तिकडच्या हद्दीत, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, पैसे शहरातून गेले, शहरात जा. पाच फेऱ्या. पूर्वीचं 420 आता भारतीय न्याय संहितेत 318 झालंय, हे कलम माझं पाठ झालं. गुन्हा मात्र नोंदला नाही. एका साहेबाने तर मोबाइलवरचा फोटो बघून विचारलं, "बकरियाँ हैं?"

मेंढ्यांच्या कानात पिवळे बिल्ले होते, बारा आकडी. मी ते बघूनच निर्धास्त झालो होतो, सरकारी नोंद आहे म्हणून. डॉक्टरांनी एक आकडा नोंदणीत टाकून पाहिला तर दुसऱ्या जिल्ह्यातली म्हैस निघाली. म्हैस! हे घेऊन मी संबंधित कार्यालयात गेलो. म्हणाले, लेखी द्या. दिलं. म्हणाले, बिल्ला विकणाऱ्याने लावला की तुम्ही? म्हणजे आता मीच संशयित. लसीच्या कार्डावर पीपीआर आणि आंत्रविषार या मेंढ्यांच्या रोगांवरच्या लसींचे शिक्के होते, सगळे एकाच तारखेचे, एकाच शाईचे, एकाच हाताचे. ते बघायलाही कुणी तयार नाही. आणि औषधाच्या तक्रारीसाठी जिथे गेलो तिथे विचारलं, सीलबंद बाटली आहे का? नाही, सगळ्या उघडून पाजल्या, मरणाऱ्या मेंढ्यांना दुप्पट पाजल्या. मग नमुना चालत नाही. एक बाटली न उघडता बाजूला ठेवा, मूर्खासारखं माझ्यासारखं करू नका.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा. मी 41 व्या दिवशी केला, कारण तोवर विक्रेता फोन उचलत होता, "भिया, भेजता हूँ डॉक्टर को" म्हणत होता, आणि मी वाट बघत होतो. तोवर पैसे पुढे सरकले होते. ती चूक माझीच, तिचं खापर मी कुणावर फोडत नाही.

नाव लिहीत नाही, वकिलाने नको म्हटलंय. वकिलाचे आतापर्यंत 6,500 झालेत, ते वरच्या बेरजेत धरलेले नाहीत.

शेवटच्या बाटलीत अर्धं औषध उरलंय. तळाला खडूसारखा पांढरा थर बसलाय. ती मी फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या डब्यामागे ठेवली आहे. बायको म्हणते, फेका ते. मी फेकत नाही, तारीख पडली तर लागेल.